कातरणीच्या दिवसांतला इसार

आधी अक्षराची माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीत जेवढं कळलं तेवढंच अजून कळतं, आणि कातर धरून धरून बोटं अशी वाकली आहेत की पेन सरळ ओळीत चालत नाही. ही वही लेकीची उरलेली आहे, कुणी वाचणार नाही. तरीही माफी मागते. कारण ज्यांनी आमची माफी मागायला पाहिजे होती त्यांनी ती कधी मागितली नाही, आणि त्यांचं अक्षर मात्र फार सुंदर आहे. मी त्यांचे कागद पाहिले आहेत. मोत्यासारखे.

काल मेंढ्या धुतल्या. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले, ओढ्याला अजून कमरेइतकं पाणी आहे आणि ऊन कोरडं पडतं आहे. कातरणीच्या आधी मेंढ्या धुवायच्या, दोन दिवस वाळवायच्या आणि मग कातर लावायची, ही आमची रीत. मेंढी पाण्याला फार भिते. एकीला ओढून नेलं की बाकीच्या काठावर अशा गप्प उभ्या राहतात, जणू तिचं पुढं काय होतं ते त्यांना ठाऊकच आहे. ओल्या लोकरीला तुपकट वास येतो. त्यात लेंडीचा असतो, सुकलेल्या गवताचा असतो, आणि त्या जनावराचा स्वतःचा असा एक उबदार वास असतो. लहानपणी तो वास आला की शाळा सुटायची. सुट्टी लागायची म्हणून नाही. बाप कळप घेऊन निघायचा आणि आम्ही त्याच्या मागं, म्हणून. अशी चार वेळा शाळा सुटली आणि पाचव्या वेळी तिनं मला परत घेतलं नाही.

काल मी ओढ्याच्या खालच्या अंगाला उभी राहून पाणी बघत होते. पाणी मातीच्या रंगाचं गेलं. नुसतं मातीच्या. मी बराच वेळ बघत राहिले तेव्हा आमचे हे काठावरून म्हणाले, "पाण्यात काय देव दिसून राह्यला का तुला?" मी काही बोलले नाही. मी बोलत नाहीच. लग्नाला तीस वर्षं झाली, त्यातली निम्मी मी मान हलवून काढली आहेत.

चार वर्षांपूर्वी याच दिवसांत, याच दगडावर मी उभी होते आणि ओढ्यातून शाई वाहत होती.

आमची वस्ती मंठ्याच्या अलीकडं, माळाच्या उतारावर. चाळीसेक घरं, बहुतेक सगळी मेंढ्यांवर जगणारी, थोडी शेती असली तरी मेंढ्यांच्या जिवावर केलेली. माळाच्या पलीकडं लोखंडाच्या सळया करणारा कारखाना आहे. त्याला लागणारी वीज तो स्वतः करायचा, कोळसा जाळून. चिमणी एकच होती, पण तिचा धूर रोज घर बदलून आमच्याकडं मुक्कामाला यायचा. शेवया वाळत घातल्या की त्यावर काजळी. परातीतल्या पिठावर काजळी. पांढरा सदरा दोरीवर टाकायचा तो राखी होऊन घरात यायचा. कारखान्याच्या आवारात दिवस मावळला की लग्नघरासारखा उजेड, आणि आमच्या वस्तीत दिवे गेलेले. जी वीज आमच्या डोक्यावरून जायची तिचा उजेड त्यांचा आणि काजळी आमची. अशी वाटणी करणाऱ्यांना शिकलेले लोक म्हणतात, हे मला तेव्हा नव्यानं कळलं.

तरी आम्ही गप्पच होतो. काजळी पुसता येते. मग कारखान्याला दुसरं वीजघर हवं झालं, पहिल्याच्या दुप्पट, आणि त्याची राख टाकायला जागा हवी झाली. त्यांनी बोट ठेवलं ते आमच्या गायरानावर. गायरान पुसलं की मागं काही उरत नाही. मेंढी विकत घेतलेल्या चाऱ्यावर पाळायची म्हटली तर ती तिच्या किमतीपेक्षा जास्त खाते. गायरान गेलं की कळप गेला, कळप गेला की आम्ही जालन्याला जाऊन कुणाच्या तरी गोदामात पोती उचलायची. एवढं सरळ होतं. ते समजायला चौथी सुद्धा लागत नाही.

पण समजूत घालायला माणूस लागतो, तो कंपनीनं आमच्यातूनच घेतला. उत्तम. माझा चुलत दीर. बारावीपर्यंत शिकला, दोन वर्षं औरंगाबादेत काढली आणि परत आला तो पांढरे बूट घालून. मेंढरांच्या वस्तीत पांढरे बूट घालणाऱ्या माणसाबद्दल आणखी काय लिहायचं. त्याच्या खिशात कंपनीचं कार्ड होतं, त्यावर त्याचं नाव आणि खाली गावसंपर्क असं काहीतरी. स्वतःच्या गावाशी संपर्क ठेवायचा पगार घेणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

भाऊबिजेच्या आदल्या दिवशी त्यानं शाळेच्या पटांगणात टेबल मांडलं. घरटी पाच हजार रुपये आणि मिठाईचा एक पुडा. सगळ्यांना रांगेत उभं केलं, आणि आमच्या बायकांकडं बघून गोड हसला. म्हणाला, "कंपनीची भाऊबीज समजा, वहिनी." टेबलावर लांब कागद होता, वरून अर्ध्यात दुमडलेला. दिसत होत्या त्या फक्त सह्यांच्या रेघा. आमचे हे पुढं झाले, सही केली, पैसे मोजले. मी दोन पावलं मागं होते. दुमडीच्या कडेतून वरच्या ओळीचा एक शब्द बाहेर डोकावत होता. मला वाचता येत होतं. रांगेतल्या कितीतरी जणींना येत नव्हतं, मला येत होतं. एवढंच म्हणायचं होतं की कागद उघडा. तीन शब्दसुद्धा नाहीत, दोनच. ते माझ्या तोंडातून आले नाहीत. मी पदर सावरला आणि मिठाईचा पुडा काखेत घेतला.

ज्यांच्याविषयी मी या वहीत वाईट लिहिणार आहे त्या सगळ्यांच्या आधी माझं नाव लिहून ठेवते.

आठ दिवसांनी बैठक झाली. काही बाप्यांनी धीर करून विचारलं की गायरानाचं काय करून राह्यलेत म्हणून. उत्तमनं तोच कागद काढला आणि एकेक नाव वाचलं. सावकाश, हजेरी घ्यावी तसं. प्रत्येक नावानंतर थांबायचा आणि त्या माणसाकडं बघायचा. वरची ओळ त्यानं शेवटी वाचली. नव्या वीजघराला आणि राखेच्या तळ्याला आमची कसलीही हरकत नाही, असं आम्ही लिहून दिलं होतं. पटांगणात खोकल्याचाही आवाज नव्हता. ज्यांच्या मिशा लांबूनच भीती घालतात ते सगळे बाप्ये पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसले होते.

बाहेरच्या माणसाला ही शांतता कळायची नाही, म्हणून लिहिते. आमच्यात इसाराला फार किंमत. एखाद्या शेतकऱ्याला खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवून घ्यायच्या असतात. तो आधी येतो, हातावर काहीतरी ठेवतो. कधी शंभर रुपये, कधी पायलीभर ज्वारी. तो इसार. एकदा इसार घेतला की शेजारच्यानं दुप्पट देतो म्हटलं तरी कळप पहिल्याच्याच रानात बसतो. नाहीच जमलं तर आधी इसार पुरता परत करायचा आणि मग तोंड उघडायचं. इसार घरात ठेवून त्याच माणसाच्या विरोधात बोलणाऱ्याला आमच्यात माणसात धरत नाहीत. कंपनीला हे ठाऊक नव्हतं. उत्तमला होतं. म्हणून मला कंपनीचा राग येतो आणि उत्तमची किळस.

जालन्यातल्या मस्तगडहून एक वकीलबाई यायच्या. पिढ्यानपिढ्या तिथंच राहिलेलं घर त्यांचं, स्कूटरवरून यायच्या, चेहऱ्याला ओढणी अशी गुंडाळलेली की नुसता चष्मा दिसायचा. त्यांच्याबरोबर चार-पाच पोरं-पोरी, हातात फलक. एकीनं माझा फोटो काढताना मला सांगितलं, मावशी थोडं दुःखी दिसा. मी जशी होते तशी तिला पुरेशी दुःखी वाटली नाही. वकीलबाईंनी कागदाची नक्कल वाचली आणि म्हणाल्या, "मावशी, कायद्यानं तुम्ही कुणीही बांधलेले नाही. पैसे खर्च झाले तर झाले. त्यांनी फसवून सही घेतली आहे. वीजघराला परवानगी देण्याआधी सरकार गावाचं ऐकून घेतं, त्या सुनावणीत आपण तेच सांगू." त्यांचं बरोबर असणार. पण कायदा मंठ्यापर्यंत येतो, वस्तीवर यायला त्याला रस्ता नाही. बाप्ये मान हलवत होते आणि बोलायला एकही तयार नव्हता.

तेव्हा माझी धाकटी जाऊ गिरजा उठली. गिरजा माझ्या उलट. तिला गप्प बसवायला झोप लागते. म्हणाली, "ते पैसे आधी त्यायच्या टेबलावर नेऊन टाकू. मंग बोलू. बिलकुल तंवर न्हाई." वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अहो, हे सुनावणीच्या आधी पंधरा दिवसांत कसं जमायचं. गिरजा म्हणाली, "बाई, तुमी तुमचे कागद बघा. ह्ये आमचं हाय."

त्या पंधरा दिवसांत मेंढ्या धुतल्या. ओढा काळा झाला तो तेव्हाच. आमच्या कळपात बहुतेक मेंढ्या जातीनंच काळ्या, पांढऱ्या दहा-बारा. त्यातली एक माझी लाडकी. जन्मली तेव्हा इतकी पांढरी होती की मला शाळेतला खडू आठवला, तेच नाव पडलं. खडूला पाण्यात घातली, चोळली, पुन्हा घातली. पाणी काळं होत राहिलं आणि मेंढी राखीच राहिली. लोकरीला अंगचं तेल असतं, ते काजळी धरून ठेवतं. वस्तीतल्या बायका एकीकडं मेंढ्या चोळत होत्या आणि दुसरीकडं पाच हजारांची जुळवाजुळव करत होत्या. कुणी कापूस वेचायला गेली, कुणी कोकरू विकलं, कुणी माहेरून आणले. गिरजानं तिच्या लग्नातली पत्र्याची पेटी रिकामी करून त्यात पैसे ठेवायला सुरुवात केली. नाव घेऊन एकेक घर पुरं व्हायचं आणि ती कुलूप लावायची.

एक घर पुरं झालं नाही. माझं. यांनी तोपर्यंत गाडीचे दोन्ही टायर बदलले होते आणि मोबाईल घेतला होता, बोट लावलं की गाणं म्हणणारा. मी कापसाच्या वेचणीचे पंधराशे आणून दिले. गिरजानं मोजले, माझ्याकडं पाहिलं, आणि काही न बोलता पेटी बंद केली. बोलणारी बाई गप्प बसते ते फार लागतं. बाकीच्यांचं तिनं सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. माझं सांगितलं नाही.

पेटी घेऊन आम्ही बाराजणी कारखान्याच्या फाटकावर गेलो. पहारेकऱ्यानं आतून एक कारकून बोलावला. त्यानं पेटीकडं असं पाहिलं, जणू आत साप आहे. म्हणाला, दिलेलं परत घ्यायची आमच्याकडं सोय नाही. आणि घ्यायचं म्हटलं तर कोणत्या खात्यात घ्यायचं. गिरजानं विचारलं, देताना कोणत्या खात्यातून दिलं. तो आत निघून गेला तो आलाच नाही. एवढं मोठं लोखंड वाकवणारा कारखाना, बायकांची पेटी उघडायला घाबरला. आम्ही फाटकापाशी उभं राहून पहारेकऱ्यासमोर सांगितलं की आमच्याकडून इसार परत आहे, आता तुम्ही घ्या अथवा नका घेऊ. बिचाऱ्यानं मान डोलावली. वस्तीला तेवढं पुरलं. त्या संध्याकाळपासून बाप्यांची तोंडं उघडली. ती पुन्हा मिटवणं नंतर जड गेलं, ती गोष्ट वेगळी.

मला मात्र ते पुरलं नाही. माझा इसार अर्ध्याच्याही खाली परत होता.

सुनावणीला मांडव होता, गाद्यागिरद्या होत्या, पंखे होते. साहेबलोकांसाठी थंड पाण्याच्या बाटल्या आणि काजू. आमच्यासाठी सतरंजी. प्रत्येकाला बोलायचा हक्क आहे असं सुरुवातीला सांगितलं, आणि ते सांगणारा माणूस पुढचे दोन तास मोबाईलमध्ये बघत होता. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. हिरवी झाडं, हसणारी मुलं, निळं आकाश, आणि कोपऱ्यात लहानशी चिमणी, तीही बिनधुराची. आमच्याच गावाचं चित्र होतं म्हणे. मी ओळखलं नाही.

वकीलबाई चांगलं बोलल्या, ते नाकारत नाही. कारखान्यानं दहा वर्षांपूर्वी घेतलेला माळ ओसाड पडला आहे, त्यावर सूर्याच्या उजेडावर चालणाऱ्या पाट्या लावा, वीज तिथं करा, गायरानाला हात लावू नका. एवढं साधं त्यांनी अर्धा तास सांगितलं. मग काजळीचा विषय निघाला आणि मेंढ्यांचा निघाला, तेव्हा साहेब हसले. म्हणाले, या भागातली मेंढी जातीनंच काळी. त्याला आमची चिमणी काय करणार. मांडवात हशा झाला. आमचेही काही हसले.

खडू माझ्या हातात दोरीला होती. फोटोसाठी आणायला सांगितली होती, थोडी दुःखी दिसावी म्हणून. मी उठले. बोलायला नाही, बोलायचा मला हक्कच नव्हता, तो साडेतीन हजारांनी कमी होता. कातरायचं काम आमच्यात बाप्ये करतात, बायका पाय धरतात. पण बापाला मुलगा नव्हता म्हणून लहानपणापासून कातर मीच धरत आले होते. मी खडूला टेबलापुढं खाली बसवली, गुडघ्यात मान धरली आणि कमरेची कातर काढली. पंख्यांच्या आवाजात कातरीचा आवाज येत राहिला. कुणी अडवलं नाही, कारण हे काय चाललं आहे ते अडवणाऱ्यांना कळेना. पाठीवरची लोकर एका सलग गोधडीसारखी निघाली. वरून काळपट राखी, ओढलेल्या बिडीसारखी. मी ती उचलून साहेबांच्या कागदांवर उलटी टाकली. मुळाकडून खडूसारखी पांढरी.

साहेबांनी खुर्ची मागं घेतली. नाकाला रुमाल लावला. म्हणाले, धुतलं की जातं ते.

मागून गिरजाचा आवाज आला, "मंग धुवून दावा की, सायबा. हात घाला. तुमचाच माल हाय."

पाण्याच्या बाटल्या समोर होत्या. साहेबांनी हात घातला नाही. मोबाईलमध्ये बघणाऱ्या अधिकाऱ्यानं पहिल्यांदा मान वर केली, बोटाच्या टोकानं लोकर उचकटली, बोट पाहिलं, आणि काहीतरी लिहिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात खडूचा फोटो आला. दोर धरून उभ्या होत्या वकीलबाई. खाली लिहिलं होतं, एका मेंढपाळ महिलेनं लोकर कातरून दाखवली. मेंढीचं नाव छापलं होतं.

नंतर सहा महिने आम्ही गायरान सोडलं नाही. कंपनीनं मोजणीचे दगड रोवले होते तिथंच कळप बसवले, आलटून पालटून, थंडीत आणि मग उन्हाळ्यात. शहरातली पोरं त्याला ठिय्या म्हणायची, गाणी म्हणायची, आणि पाचाच्या गाडीनं परत जायची. आम्ही त्याला मेंढ्या बसवणं म्हणतो, ते आम्ही तसंही करतो. दगडांवर लेंड्या साचल्या, त्यांचा पांढरा रंग गेला. मोजणीचा माणूस दोनदा आला, दोनदा नाक दाबून गेला. वकीलबाईंनी कागदांवर कागद घातले. खरं सांगायचं तर त्या एकट्याच अशा होत्या की गाणी म्हणणारे यायचे बंद झाल्यावरही स्कूटरवरून येत राहिल्या. एकदा त्यांनी ओढणी सोडली तेव्हा मला दिसलं की बाई माझ्याच वयाची आहे. उन्हाळा संपता संपता हुकूम आला. दुसऱ्या वीजघराला परवानगी नाही. वर्षभरात ओसाड माळावर काचेच्या पाट्या उभ्या राहिल्या.

उद्घाटनाला कमान होती. कमानीवर हात जोडलेला उत्तम. आता त्याच्या कार्डावर सूर्य आहे. भाषणात म्हणाला, सूर्य आपल्या संस्कृतीत देव आहे, आणि कंपनीनं तो देव गावात आणला. तो देव आधी कुठं होता ते त्यानं सांगितलं नाही. राखेच्या तळ्यावर भाषण करणारा तोच, सूर्यावर भाषण करणारा तोच, आणि टाळ्या वाजवणारेही तेच. उद्या कंपनीनं चंद्रावर वीज करायची ठरवली तर उत्तमकडं भाषण तयार असेल. पांढरे बूट मात्र नवे होते.

जुनी चिमणी त्या पाट्यांच्या शेजारी अजून दोन वर्षं धूर सोडत होती. तो धूर आता पाट्यांवर बसायचा. काजळीनं काच काळी पडली की वीज कमी होते, हे कंपनीच्या ध्यानात आलं. मग टँकर आले, लांब दांड्यांचे ब्रश आले, माणसं रोज काचा धुवायला लागली. धुतलं की जातं, म्हणून. तरी रोजचा खर्च परवडेना. शेवटी त्यांनी जुनं वीजघर बंद केलं. काजळी आमच्या भाकरीवर पडत होती तेव्हा ती प्रगती होती. त्यांच्या काचेवर पडली आणि तिचं नाव नुकसान झालं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण माणूस आपल्या काचेसाठी धूर बंद करतो आणि आमच्या पोरांसाठी करत नाही, हे पाहून आनंदाला चव राहत नाही. तरी एक खरं की त्या पाट्या माळावर आल्या त्या गिरजाच्या पेटीमुळं आणि लेंड्यांमुळं. कंपनीच्या मनासारखं झालं असतं तर दुसरी चिमणी केव्हाच उभी राहिली असती.

आता पाट्यांच्या खाली गवत वाढतं. ते काढायला मजूर लावण्यापेक्षा मेंढ्या बऱ्या, म्हणून कंपनी आमचे कळप बोलावते आणि वर पैसेही देते. शेळ्या नकोत, शेळ्या काचेवर चढतात. आमची खडू आता म्हातारी झाली आहे. भर उन्हात त्या काचेच्या सावलीत रवंथ करत बसते. तिला त्यातलं काही माहीत नाही, म्हणून तिच्याकडं बघायला बरं वाटतं.

यंदा पाट्यांची वीज पुढं न्यायला खांब हवे झाले, आणि खांबांची वाट गायरानाच्या कडेनं जाते. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो. उत्तम हसत वस्तीवर आला. गिरजानं त्याला बसायला पोतंसुद्धा दिलं नाही. म्हणाली, "खांबाचं मंग बघू. आदी जुना इसार घ्या वापस. चार वरीस झाले, माझी लग्नाची पेटी आडकून पडली." सभेतही तेच. बाप्येसुद्धा तेच म्हणाले, या वेळी अगदी मोठ्यानं. ज्या खात्याचा चार वर्षं पत्ता नव्हता ते खातं कंपनीला आठ दिवसांत सापडलं.

राहिले माझे साडेतीन हजार. चार वर्षांत ते कधी जमले नाहीत असं नाही. तीनदा जमले. एकदा लेकीच्या ॲडमिशनला गेले, एकदा यांच्या दवाखान्याला, एकदा असेच गेले. घेणारं कुणी नव्हतं, म्हणून मी माझ्याशीच चालढकल केली. या उन्हाळ्यात वडीगोद्रीकडं मोसंबीच्या बागांत मेंढ्या बसवल्या, त्याचे पैसे मी यांना न सांगता पदराच्या गाठीत ठेवले. पाट्यांखालच्या चराईचे दुसऱ्या गाठीत. ते कंपनीचे. कंपनीचा इसार कंपनीच्या पैशानं फेडायचा म्हणजे उत्तमसारखंच झालं. ती गाठ मी सोडली नाही.

परवा शाळेच्या पटांगणात तेच टेबल लागलं. मागं उत्तम, शेजारी कंपनीचा एक तरुण कारकून. गिरजानं पेटी टेबलावर आदळली आणि किल्ली फिरवली. तोच लांब कागद, अजून तसाच दुमडलेला, त्याच्या दुमडीला आता मळ धरला होता. नावं वाचली जात होती, पैसे मोजले जात होते, एकेक नावापुढं खूण होत होती. माझं नाव आलं तेव्हा पेटीत पंधराशेच होते. मी पुढं झाले आणि गाठ सोडायला लागले. उत्तमनं आजूबाजूला पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, ऱ्हाऊ द्या तुमचं. घरातलंच हाय. मी बराबर करून घेतो."

मी म्हणाले, "भावजी, कागद उघडा."

त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तीस वर्षांत त्यानं माझा आवाज किती वेळा ऐकला असेल. मी पुन्हा म्हणाले. गिरजा मागून पुढं आली. कारकुनानं काय झालं म्हणून पाहिलं आणि त्यानंच कागदाची घडी उलगडली. वरची ओळ मी वाचली, बोट ठेवून, अक्षरं जोडत, चौथीतल्या पोरीसारखी, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. कसलीही हरकत नाही, इथपर्यंत. वेळ लागला. उत्तम आपल्या बुटांकडं बघत होता.

मग मी साडेतीन हजार टेबलावर ठेवले. शंभराच्या नोटा होत्या, बागेतल्या मातीच्या वासाच्या. कारकुनानं मोजल्या, पंधराशेत मिळवल्या, आणि पुन्हा मोजल्या. माझ्या नावापुढं खूण करायला निघाला तेव्हा मी म्हणाले, खूण नको, लिहा. त्यानं कागद उत्तमकडं सरकवला. उत्तमनं लिहिलं, पाच हजार रुपये पूर्ण परत मिळाले, आणि खाली सही केली. त्याचं अक्षर खरंच सुंदर आहे.

त्याच्याखाली मी माझ्या अक्षरात माझं नाव लिहिलं.